परतीची शिदोरी

सेलूला स्टेशनाजवळ आक्कांची खानावळ होती. तिथून कुणी गावाला निघालं, की त्याच्या हातात दोन गाठोडी पडत. एकात जाताना खायचं असे: ज्वारीच्या भाकरी, घट्ट पिठलं आणि मिरचीचा ठेचा. दुसऱ्यात येताना खायचं: दुधात मळलेल्या दशम्या आणि कारळाची कोरडी चटणी, कारण दशमी तीन-चार दिवस मऊ राहते. माणूस परभणीच्या कचेरीत जाऊन दिवेलागणीला परतणारा असो, की बिऱ्हाड मोडून कायमचा मुंबईला निघालेला असो, गाठोडी दोनच. "आक्का, सासुरवाडीला निघालोय, येताना सासूबाई देतीलच की," असं एखादा म्हणाला, तर त्या गाठ आणखी आवळायच्या आणि म्हणायच्या, "सासूचं सासूपाशी. येतीची भाकर आपल्याजवळ पायजे."

आम्ही खानावळीची मेंबर मंडळी या गाठोड्यांची यथेच्छ टिंगल करायचो. टिंगल अर्थात त्यांच्या पाठीमागे, कारण आक्कांचा राग कायम नाकावर असे आणि सेलूत दुसरी बरी खानावळ नव्हती. ठेंगणा बांधा, कपाळावर हिरवं गोंदण, कुंकू नाही, नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. भाकरी थापताना त्या कुणाशी बोलत नसत आणि बोलायला लागल्या की भाकरी थापत नसत, त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं की आम्ही पुढच्या भाकरीची आशा सोडायचो.

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्या वर्षी मी साताऱ्याकडून इकडे सरकारी शाळेत शास्त्र आणि भूगोल शिकवायला आलो. पहिल्याच दिवशी मी आक्कांपुढे हात पसरून अंमळ जास्त तूप मागितलं. त्यांची तूप वाढायची रीत अशी होती, की चमच्याचं टोक तुपात बुडवायचं आणि वरणावर नुसतं झटकायचं. एखादा थेंब पडला तर पडला. माझ्या मागणीवर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मास्तर, तूप वास घेयाला आसतंय. पोट भाकरीनं भरतंय." त्यानंतर सेलूतल्या साऱ्या मुक्कामात मी तुपाचं नाव काढलं नाही.

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, ही रीत आपल्याकडे घरोघर आहे. आक्कांचं एवढ्यावर भागत नसे. 'येतो' म्हणणाऱ्याला त्या उंबऱ्यातच अडवायच्या आणि विचारायच्या, "कवा?" उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती. जिनिंगमधला एक फिटर एकदा सहज "बघू" म्हणाला आणि निघून गेला. तो परत आल्यावर आक्कांनी त्याला आठवडाभर ताटावर बसवलं, वाढलंही, पण त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बिचाऱ्याला शिव्या परवडल्या असत्या.

वर्तमानपत्र दुपारच्या गाडीनं यायचं. संध्याकाळी पंगत बसली की मी ते मोठ्यानं वाचायचं, असा पायंडा पडला होता. आक्कांना वाचता येत नव्हतं, पण चुलीपुढून त्यांचा कान इकडे असे. त्यांना कुणाचं राज्य आलं, कापसाचा भाव काय निघाला, यात काडीचा रस नव्हता. अमुक मंत्री विलायतेला गेले असं वाचलं, की चार दिवसांनी त्या विचारणार, "ते आले का?" आले असतील तर बरं, असं म्हणून पुन्हा पिठात हात घालणार. सगळ्या दुनियेचे गेले-आले त्या एकट्या मोजत बसल्यात की काय, असं मला तेव्हा वाटायचं.

मी आलो त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास रशियाने आकाशात कुत्री सोडली. पृथ्वीभोवती फिरणारा पहिला जीव. मी भूगोलाचा मास्तर, माझ्या अंगात नुसता वारा शिरला होता. आज कुत्री, उद्या माणूस, आणि परवा माणूस थेट चंद्रावर, असं मी ताटावर बसून हातवारे करत सांगत होतो. आक्का भाकरी थापायच्या थांबल्या. "तिला उतरवणार कसं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उतरवायची सोय अजून कुणाला जमलेली नाही, ती तिथेच मरणार. त्यांनी मला पुन्हा विचारलं, की हे धाडायच्या आधी ठाऊक होतं का? मी हो म्हणालो.

"येण्याचा इंतजाम केल्याबिगर कुणाला धाडायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. "कुत्रं का आसंना."

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. रशियाच्या कुत्रीसाठी सेलूत उपास, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत हसलो. त्यानंतर मात्र आकाशातली कुठलीही बातमी आली, की त्यांचा एकच सवाल असे. किती उंच गेलं, केवढं जड होतं, हे मी कितीही रंगवून सांगितलं तरी त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ते ऱ्हाऊ द्या. येण्याचा इंतजाम काय?"

आक्का संकष्टी धरायच्या. चंद्र दिसल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत. पावसाळ्यात ढगाआडून चंद्र शोधायला मला माळवदावर चढवायच्या आणि खालून विचारत राहायच्या. चंद्र म्हणजे दगडधोंड्यांचा गोळा आहे, तिथे हवा नाही, पाणी नाही, हे मी त्यांना पुष्कळ समजावलं. पाणी नाही यावर त्यांचा विश्वास बसला नाही. इतक्या बाया इतकी वर्षं त्याला अर्घ्य देतात, ते पाणी जातं कुठं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यावरून त्या शेवटपर्यंत हटल्या नाहीत. पण माणसानं तिथं जाऊ नये असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. देवळातले बुवा म्हणत होते, की चंद्राला पाय लावणं पाप आहे. आक्का म्हणायच्या, चांदोबा सगळ्यांचा मामा, मग मामाच्या गावाला जायला कसली आली बंदी? "जावं की. पर मामाच्या गावाहून लेकरू परत आलं पायजे."

हे त्या इतकं हळू म्हणायच्या, की मला त्याचा अर्थ लागला तो पुढच्या वर्षी, त्यांचे धाकटे दीर खानावळीत आले तेव्हा. ते देवगाव फाट्याजवळच्या खेड्यात शेती करत. माणूस वाईट नव्हता. भावजयीला पायलीभर ज्वारी आणि गुळाची ढेप घेऊन यायचा. पितृपक्ष तोंडावर आला होता आणि यंदा सोपानालाही पान वाढावं, असं सांगायला ते आले होते. आक्कांनी ज्वारीची पिशवी उचलली आणि त्यांच्या बैलगाडीत परत नेऊन टाकली. ते मुकाट्यानं निघाले. स्टेशनाच्या कोपऱ्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलो, तेव्हा त्यांनी मला सारं सांगितलं.

सोपान हा आक्कांचा एकुलता एक मुलगा. बाप लहानपणीच गेलेला. हैदराबाद संस्थान विलीन व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात सगळीकडे अंदाधुंदी होती, गावोगाव भीती होती, तरणी पोरं घरात ठेवायची कुणाची छाती नव्हती. आक्कांनी सोपानला हद्दीपलीकडे, वऱ्हाडात, आपल्या भावाकडे धाडलं. तो पहाटे निघाला आणि मामाच्या गावाला पोचलाच नाही. वाटेत काय झालं, कुणी पाहिलं का, पुढे कशाचाच पत्ता लागला नाही. फौज आली, संस्थान गेलं, लपलेली माणसं घरोघर परतली, सोपान आला नाही. मग आक्कांनी फाट्याजवळचं ते गाव सोडलं आणि सेलूला स्टेशनाजवळ दोन खोल्या घेऊन खानावळ घातली. फाट्याकडे जाणारा माणूस आधी सेलूला उतरतो आणि उतरलेल्याला भूक लागलेली असते, एवढा हिशेब त्यांनी केला होता. ते ऐकल्यावर मी दोन गाठोड्यांची टिंगल पुन्हा केली नाही. मला फार वाईट वाटलं.

एकोणसाठ साली गणपतीच्या दिवसांत रशियाचं यान चंद्रावर जाऊन आदळलं. माणसाच्या हातची वस्तू चंद्रावर पोचली म्हणून आम्ही शाळेत पेढे वाटले. त्यातला एक मी आक्कांसाठी आणला. आदळलं म्हणजे काय, हे त्यांनी नीट विचारून घेतलं आणि पेढा माझ्या हातात परत ठेवला. "आदळलं म्हंजी पोचलं न्हवं, मास्तर." महिनाभरानं दुसरं यान चंद्राला वळसा घालून गेलं आणि चंद्राची आपल्याला कधीच न दिसणारी मागची बाजू वर्तमानपत्रात छापून आली. तो पुसट, डागाळलेला फोटो आक्कांनी चुलीच्या उजेडात पुष्कळ वेळ धरला. मग घडी घालून मला दिला. "तिकडं बी कुणी न्हाई म्हणा," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

साठ साली बारा वर्षं भरत आली. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तर आपल्याकडे तो गेला असं धरतात आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पाऊस लागता लागता दीर पुन्हा आले. या खेपेला ते हटायला तयार नव्हते. त्यांच्या लेकीचं लग्न जुळत होतं, आणि घरात एक जीव असा अधांतरी ठेवून सोयरीक करायला मुलाकडचे कचरत होते. भाऊबंदांनी बैठक बसवून सांगितलं होतं, की या पितृपक्षात गंगाखेडला जाऊन विधी करा, नाहीतर त्या बाईशी आमचा संबंध उरला नाही. हे सांगताना दिरांचाही आवाज घोगरा झाला होता. "वैनी, म्या त्याला खांद्यावर खेळवलाय. मला का हौस हाय?" आक्का एवढंच म्हणाल्या, की जिवंत पोराला आग लावायला मी येणार नाही. पोराचं दुःख होतंच, आता उरलेलं गणगोतही तुटणार होतं. त्या दिवसांत खानावळीत कुणी मोठ्यानं बोलत नसे.

पोळ्याला आक्का पुरणपोळ्या करायच्या. त्या वर्षी पोळ्याच्याच सुमारास बातमी आली, की रशियाने दोन कुत्री आकाशात धाडली होती आणि ती दोन्ही जिवंत परत आली. मी ती बातमी वाचली. सगळे चुलीकडे बघत होते. आक्का हात पुसत बाहेर आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, कशी आणली? मी मला ठाऊक होतं तसं सांगितलं: कुत्री बसवली होती तो डबाच खाली येईल असा बांधला होता, त्याला छत्री लावली होती, आणि हे सगळं ती वर जायच्या आधीच करून ठेवलं होतं.

"आधीच?"

"आधीच, आक्का. वर गेल्यावर काही करता येत नाही."

त्यांनी पदरानं हात पुन्हा पुसले. मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी दिरांनाही कधी सांगितलं नव्हतं. "सोपान म्हनत व्हता, आये, आठ दिसांत येतो. म्या म्हनलं, माझी खबर आल्याबिगर तिकडून हालायचं न्हाई. भाकरी जातीपुरत्याच बांधल्या. येतीच्या बांधल्या असत्या, तर त्येला वाटलं असतं, आय बोलवायलीय. बारा वर्षं मी म्हनायली, पोरगं काहून येईना. त्येच्या येण्याचा इंतजाम म्याच केला न्हाई, मास्तर."

मी म्हणालो, आक्का, ते दिवसच तसे होते, तुम्ही त्याला वाचवायलाच धाडलं होतं, यात तुमचा काय दोष? त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तुमी पुस्तकाचं सांगा. घरचं सांगू नका." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिरांना निरोप धाडला, की गंगाखेडला यायला मी तयार आहे.

त्यांनी मलाही बरोबर चला म्हटलं. सेलूहून परभणी आणि तिथून परळीच्या गाडीनं गंगाखेड. खानावळ बंद ठेवल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गोदावरी भरून चालली होती, घाटावर पितृपक्षाची गर्दी होती. गुरुजींनी दर्भ अंथरले, नारळाचं डोकं आणि पळसाच्या पानांचे हातपाय करून माणूस मांडला. दीर विधी करायला बसले होते. आक्का पायरीवर एकट्या बसून ते हातपाय जुळताना बघत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. अग्नी द्यायची वेळ आली तशा त्या उठल्या, कमरेचं लहान गाठोडं सोडलं आणि पुतळ्यापाशी गेल्या. गाठोड्यात दशम्या होत्या.

गुरुजी वयस्क होते, समजुतीनं बोलले. या विधीत असं काही देत नाहीत, जाणाऱ्याला मागची ओढ लागते, त्याचा पाय अडकतो, असं त्यांनी सांगितलं. दीरही म्हणाले, वैनी, नका.

"मी त्येला बोलवायली न्हाई, महाराज," आक्का म्हणाल्या. "तवाची द्यायची राहिली व्हती, ती द्यायली."

गुरुजींनी दिरांकडे पाहिलं, मग नदीकडे पाहिलं, आणि म्हणाले, ठेवा. आक्कांनी दशम्या पानांच्या हाताखाली सारल्या, वर चटणीची पुडी ठेवली. नेहमी उंबऱ्यात उभ्या राहून विचारायच्या तो प्रश्न त्यांनी विचारला नाही. नुसता त्या पानांवरून एकदा हात फिरवला. मग दिरांनी अग्नी दिला. पळस ओला होता, धूर फार झाला. त्या धुरात थोड्या वेळानं तव्यावर भाकरी विसरली की येतो तसा करपट वास आला, आणि तेव्हा मात्र आक्कांनी पदर तोंडावर घेतला. मी आणि दीर दोघंही रडलो.

येताना गाडीत त्यांनी आम्हा दोघांपुढे परतीचं गाठोडं सोडलं. तेही त्यांनी बांधून आणलं होतं. त्या स्वतःही जेवल्या. चटणीत मीठ कमी पडलंय, असं म्हणाल्या. दिवाळीनंतर दिरांच्या लेकीचं लग्न झालं आणि आक्कांनी त्यात पोळ्या लाटल्या.

पुढच्या वर्षी माझी बदली हिंगोलीला झाली. ट्रंक टांग्यात चढवली आणि मी निरोप घ्यायला आत गेलो. माझ्या हातात दोन गाठोडी आली. मी म्हणालो, आक्का, आता ही दुसरी कशाला? मी काही लवकर परत येणार नाही.

"यायचं का न्हाई ते तुमचं तुमी बघा," त्या म्हणाल्या. "बांधून द्यायचं काम माझं."

'कवा?' असं त्यांनी त्या दिवशीही विचारलं नाही. गंगाखेडनंतर तो प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता, हे टांगा हलल्यावर माझ्या ध्यानात आलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी माणूस खरोखरच चंद्रावर उतरला. हिंगोलीला शाळेत पोरांनी नुसता धुडगूस घातला होता. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीनं सेलूला गेलो. आक्का थकल्या होत्या. खानावळ दिरांची ती लेकच चालवत होती आणि आक्का दारातल्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर डोळा ठेवत. मी धापा टाकत सांगितलं, की दोघंजण चंद्रावर उतरले, चालले, तिसरा वर फिरत त्यांच्यासाठी थांबला होता. त्यांनी सारं ऐकून घेतलं.

"आले का परत?"

"अजून वाटेत आहेत."

"मंग तुमी कशाला आलात? ते आल्यावर या."

गूळसुद्धा हातावर ठेवला नाही. दोन गाठोडी देऊन त्यांनी मला आल्या पावली परत पाठवलं. एवढ्या लांबून गेलेल्या माणसाचं हे स्वागत, म्हणून एसटीत मी धुसफुसत बसलो, आणि जिंतूरच्या पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मलाही आता त्या तिघांची काळजी लागली आहे. ते समुद्रात सुखरूप उतरल्याची बातमी येईपर्यंत मी वर्तमानपत्राच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर जाऊन उभा राहत होतो.

बातमी आली तसा मी पुन्हा सेलूला गेलो. आक्कांनी मला लांबूनच पाहिलं आणि बाजेवर उठून बसल्या.

"आले?"

"आले, आक्का. तिघंही."

त्या काठी टेकत आत गेल्या. पुतणीला बाजूला सारून त्यांनी माझं ताट स्वतः वाढायला घेतलं. भाकरी, वरण, कारळाची चटणी. मग तुपाचं भांडं ओढलं आणि चमचा आत बुडवला. मी सवयीनं त्या झटक्याची वाट पाहत होतो. त्यांनी चमचा झटकला नाही. भरलेला चमचा वरणावर ओतला, पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला, आणि मी पुरे, पुरे म्हणत असताना त्या वाढतच राहिल्या.